ॲक्सल बदलला, स्टिअरिंगचे काय?

आपल्या समाजात गॅरेजच्या कामावर चालणारी घरे पुष्कळ आहेत. कोणाचा भाऊ डेंटिंग-पेंटिंग करतो, कोणाचा जावई आखातात डिझेल मेकॅनिक आहे, कोणाचा मुलगा दहावीनंतर आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक कोर्सला बसला आहे. या कमाईवर घरांचे स्लॅब पडतात, बहिणींची लग्ने होतात, धाकट्यांची शिक्षणे होतात. तरीही स्थळ बघायला गेल्यावर ‘मुलगा गॅरेजमध्ये असतो’ असे सांगितले की समोरचे क्षणभर गप्प होतात. हाताला काळे लागते, एवढेच त्यांना या कामाविषयी माहीत असते. त्या काळ्या हातांना दिवसभरात कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात, हे आपण आपल्या घरातल्या माणसांनाही कधी सांगत नाही.

मी स्वतः चौतीस वर्षे हे काम केले. सुरुवात चिपळूणला, मधली सतरा वर्षे शारजात, आणि नंतर पुन्हा गावी. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पाना खाली ठेवला आहे. पण माझ्या थोरल्या आपाच्या मुलाने स्वतःचे गॅरेज टाकले, तेव्हापासून सकाळचा चहा झाला की माझी पावले तिकडेच वळतात. तो कामात असतो, मी खुर्ची टाकून बसतो. विचारले तर सांगतो, न विचारता बोलत नाही. त्याच्या गॅरेजात आलेल्या एका जीपची हकिकत या वेळी लिहितो आहे. काम फक्त स्टिअरिंगच्या दांड्यांचे होते. पण त्यात किती काय अडकलेले असते, ते वाचणाऱ्यांना कळावे.

जीप म्हणजे आपल्याकडची जुनीच ओळख. 1945 साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या पेढीचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि 1948 मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलिज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घडणीच्या जीप पुढे कित्येक वर्षे आपल्या डोंगरात, बागांत आणि सरकारी खात्यांत धावल्या. चेसिस साधी, पुढे-मागे सलग ॲक्सल, खाली पाटे. बिघडली तर झाडाखाली दुरुस्त होणारी गाडी.

आमच्याकडे आलेली जीप एका आंबा बागायतदाराची होती. तिची नोंदणी पूर्वीच रद्द झालेली, त्यामुळे ती फक्त त्यांच्या डोंगरावरच्या बागेत फिरायची. खते, फवारणीचा पंप, काढलेल्या आंब्यांच्या पेट्या, असा तिचा संसार. चढावर मोठी चाके लागतात म्हणून त्यांनी एका गॅरेजमधून पुढचा ॲक्सल बदलून घेतला होता. जुना अरुंद ॲक्सल काढून नंतरच्या मॉडेलचा मजबूत ॲक्सल बसवला. तो दोन्ही बाजूंचा मिळून चार इंचांनी रुंद होता. पाटे नवीन घातले, शॅकल लांब केले, गाडी चांगलीच वर उचलली. दिसायला जीप एकदम रुबाबदार झाली.

तक्रार एकच होती. खड्ड्यातून गेली की गाडी आपणहून एका बाजूला ओढते, आणि वळवल्यावर स्टिअरिंग परत जागेवर येत नाही. बागायतदार म्हणाले, “मिस्त्री, चाकांचं अलाइनमेंट करून द्या. संध्याकाळी नेतो.”

भाच्याने जीप खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली उतरला. बराच वेळ त्याचा आवाज आला नाही. मग म्हणाला, “मामू, जरा खाली येता का?”

खाली काय होते ते सांगण्याआधी थोडी रचना समजून घेऊ. सलग ॲक्सलच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर घट्ट बसवलेला असतो. चाके मात्र ॲक्सलवर असतात, आणि ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होत असतो. म्हणजे हुकूम देणारा स्थिर, आणि हुकूम ऐकणारा सतत हलता. बॉक्समधून जो लोखंडी हात बाहेर येतो त्याला आम्ही ड्रॉप आर्म म्हणतो. ड्रॉप आर्मपासून चाकाच्या हातापर्यंत जी दांडी जाते ती ड्रॅग लिंक. एका चाकाचे वळणे दुसऱ्या चाकाला पोहोचवणारी दांडी म्हणजे टाय रॉड. जुन्या विलिज पद्धतीत यांच्यामध्ये चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बेलक्रँक नावाचा एक फिरता तुकडाही असतो. या जीपमधला बेलक्रँक काढून टाकलेला होता. बॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला होता, आणि ड्रॅग लिंक उजवीकडच्या ड्रॉप आर्मपासून थेट डाव्या चाकाकडे नेली होती. ही पद्धत वाईट नाही. नीट केली तर जुन्या रचनेपेक्षा बरीच चांगली चालते. प्रश्न होता तो दांडीच्या तिरपेपणाचा.

कोकणातल्या घरांत झोपाळा असतो, त्यावरून हे चटकन कळेल. झोपाळा खाली मधोमध असताना वीतभर पुढे गेला तर बसणाऱ्याला उंची वाढल्याचे जाणवतही नाही. तोच झोपाळा लांब गेलेला असताना आणखी वीतभर पुढे गेला, तर माणूस चांगलाच वर उचलला जातो. कडी तीच, वीतही तीच, फरक फक्त कोनाचा. ड्रॅग लिंकचे अगदी तसेच आहे. ती आडवी, जमिनीला जवळपास समांतर असेल, तर ॲक्सल वर-खाली झाला तरी चाकाला बाजूचा धक्का फारसा बसत नाही. ती तिरपी असेल तर प्रत्येक खड्डा चाकाला ढकलतो, आणि चालवणाऱ्याचे हात स्थिर असतानाही चाक वळते.

भाच्याने माप घेतले. ड्रॅग लिंक 800 मिलीमीटर लांब. बॉक्सकडचे टोक आणि चाकाकडचे टोक यांच्या उंचीत 207 मिलीमीटरचा फरक. म्हणजे दांडी 15 अंश तिरपी. त्याने वहीत हिशोब मांडला. ॲक्सल 50 मिलीमीटर वर आला, आणि खडीच्या रस्त्यावर तेवढा तो सहज येतो, तर या दांडीचे टोक बाजूला जवळजवळ 12 मिलीमीटर सरकते. चाकाचा हात 150 मिलीमीटरचा आहे. म्हणजे चाक साडेचार अंश आपोआप वळते. हीच दांडी पूर्ण आडवी असती, तर टोक 2 मिलीमीटरसुद्धा सरकले नसते. साडेचार अंश ऐकायला थोडे वाटतात. पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला बांध असलेल्या वाटेवर तेवढे पुरेसे आहेत. अलाइनमेंटच्या यंत्रावर हा दोष दिसत नाही, कारण तिथे गाडी सपाट जमिनीवर उभी असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. ॲक्सल रुंद झाल्यावर लांबीला कमी पडलेली जुनी दांडी मधोमध कापून, आत तुकडा घालून वेल्डिंग केली होती. पाट्याला लागू नये म्हणून तिला गॅसने तापवून बाकही दिला होता. सरळ दांडी ताण आणि दाब थेट पेलते. वाकलेली दांडी धनुष्यासारखी लवते. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो तेव्हा आधी दांडी लवते, मग चाक वळते. आणि दर वेळी हा लवण्याचा त्रास नेमका त्या वेल्डिंगच्या कडेला होतो.

तिसरी गोष्ट पाहून मी स्वतः काही क्षण गप्प राहिलो. बॉल जॉइंटचा खिळा निमुळता असतो, आणि चाकाच्या हातातले भोकही तसेच निमुळते असते. दोन्हींचा उतार जुळला की खिळा आत गच्च बसतो. नट त्याला फक्त जागेवर धरून ठेवतो, खरे वजन निमुळत्या बैठकीवर असते. इथे नव्या ॲक्सलच्या हाताचे भोक आणि जुन्या जॉइंटचा खिळा जुळत नव्हते, म्हणून भोक सरळ ड्रिलने मोठे करून नट आवळला होता. खिळा आत डुलत होता. स्प्लिट पिनच्या जागी तारेचा तुकडा होता.

हे काम करणाऱ्याचे नाव आम्ही विचारले नाही. ते विचारून जीप सुधारणार नव्हती.

बागायतदारांना खाली बोलावून भाच्याने टॉर्चच्या उजेडात सगळे दाखवले. वेल्डिंगवर बोट ठेवायला लावले, खिळा हलवून दाखवला. मग खर्च सांगितला. तो अलाइनमेंटच्या अपेक्षेच्या कितीतरी पट होता. त्यांना ते पटले नाही. “आहे त्या दांडीला वरून अजून एक पट्टी वेल्ड करा. आणि हे बघ, ईदला पोरांना घेऊन समुद्रावर जायचं ठरलंय. तेवढं झालं की पुढचं बघू. पाच-सहा किलोमीटरचा तर रस्ता आहे, कोण बघतो?”

हा माणूस परिसरातला वजनदार. त्याचा एक शब्द चांगला गेला तर दहा गाड्या येतात, वाईट गेला तर तितक्याच थांबतात. गॅरेजला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. जागेचे भाडे होते, हत्यारांच्या कर्जाचा हप्ता होता, दोन पोरांचा पगार होता. पट्टी वेल्ड करणे अर्ध्या तासाचे काम. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. भाच्याने माझ्याकडे पाहिले, पण मी काही बोललो नाही. गॅरेज त्याचे, उत्तरही त्याचेच असायला हवे होते.

तो म्हणाला, “काका, इंजिनात काही राहिलं तर गाडी बंद पडेल. ब्रेक कमी लागला तर निदान गिअरवर तरी सांभाळता येईल. ही दांडी सुटली तर तुमच्या हातात नुसतं चाक राहील, आणि मागे पोरं असतील. पट्टी मी लावणार नाही. आणि नीट करून दिली तरी बागेच्या बाहेर चालवण्यासाठी देणार नाही. तिची नोंदणी नाही.”

काका रागावले. जीप तिथेच ठेवून निघून गेले.

या रस्त्याच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण आपली तरुण मुले जीप आणि बाइकमध्ये हौसेने बदल करतात आणि कायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, हे उघडच आहे. पण नोंदणी असली तरी मनाला येईल तसा बदल चालत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मूळ ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात कलम 182 अ आले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणावर बोट ठेवू शकते. त्यामुळे नोंदणी असलेल्या गाडीत असे काही करायचे असेल, तर पाना हातात घेण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावे. मेकॅनिकचे ‘काही होत नाही’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

जीप अकरा दिवस तशीच उभी राहिली. एक जागा अडून पडली होती, दोन कामे परत पाठवावी लागली. आपा घरी काळजी करत होती. मुलाने गिऱ्हाईक तोडले असे तिला कोणीतरी सांगितले होते. मी तिला म्हटले, “आपा, तोडलेलं नाही. खरं सांगितलंय. थोडं थांब.” खरे म्हणजे पुढे काय होईल ते मलाही माहीत नव्हते.

बाराव्या दिवशी बागायतदार आले. या वेळी सोबत त्यांच्या बेगमही होत्या. घडले होते असे की, भाच्याने सांगितलेले सगळे काकांनी घरी रागातच ऐकवले होते. तेव्हा भाभींनी त्यांना महिन्यापूर्वीची एक गोष्ट विचारली. आंब्याच्या पेट्यांबरोबर त्या जीपमध्ये बसून खाली येत होत्या आणि गाडी एकाएकी बांधाकडे गेली होती. “त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझा हात सुटला. हात सुटला होता का खरंच?” काकांनी विचार केला. हात सुटला नव्हता. भाभी आम्हाला म्हणाल्या, “मला ते मशीन काही कळत नाही. पण मी शेजारी बसले होते आणि यांचे दोन्ही हात चाकावर होते, हे मी पाहिलं होतं.”

काका म्हणाले, “कर बाबा, तुझ्या पद्धतीने कर.”

आता काम कसे केले ते सांगतो. आपल्या घरातली जी मुले या धंद्यात आहेत त्यांना क्रम उपयोगी पडेल.

पहिले काम ॲक्सलचे. दांडी नंतर. जीप सपाट जागेवर स्वतःच्या वजनावर उभी केली, जॅकवर नाही, कारण जॅकवर पाटे सुटे होतात आणि सगळी मापे खोटी येतात. मग किंग पिनचा कलता कोन तपासला. सायकलचा पुढचा फोर्क थोडा तिरपा असतो, म्हणून चालत्या सायकलचे हँडल सोडले तरी ती सरळ जाते. मोटारीच्या किंग पिनचे वरचे टोकही त्यासाठी मागे कललेले असावे लागते. लांब शॅकलमुळे ॲक्सल फिरून हा कोन जवळजवळ नाहीसा झाला होता. स्टिअरिंग परत न येण्याचे कारण तेच. शॅकल पुन्हा मूळ लांबीचे घातले. उरलेल्या फरकासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून कोन पाच अंशांवर आणला. यापुढे जाता येत नाही, कारण ॲक्सल फिरवला की डिफरन्शियलचे तोंडही फिरते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. एक सुधारताना दुसरे बिघडत नाही ना, हे दर पायरीला पाहावे लागते.

दुसरे काम दांडी आडवी करण्याचे. याला दोन वाटा असतात. ड्रॉप आर्म खाली वाकलेला घालून बॉक्सकडचे टोक उतरवायचे, किंवा चाकाकडचे टोक वर न्यायचे. पहिली वाट स्वस्त, पण लांब खाली गेलेला हात बॉक्सच्या शाफ्टला आणि चेसिसवरच्या बोल्टांना जास्त पिळतो. भाच्याने दुसरी निवडली. या ॲक्सलच्या नकलवर वरच्या बाजूला सपाट बैठक होती. तिच्यावर बसणारा घडीव पोलादाचा उंच हात पुण्याहून मागवला. असा हात गावात पट्टी कापून, वेल्ड करून बनवू नये, आणि मूळ घडीव हात तापवून वाकवूही नये. तापवले की पोलादाचा पाणीपणा बदलतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. ड्रिलने बिघडवलेला जुना हात काढून टाकला. सरळ झालेल्या भोकाला दुसरा उपाय नसतो.

उंच हातामुळे दोन टोकांतला 207 मिलीमीटरचा फरक 60 वर आला. आता ॲक्सल 50 मिलीमीटर वर आला तरी दांडीचे टोक जेमतेम 2 मिलीमीटर सरकते. साडेचार अंशांचे वळण एका अंशाच्या आत आले.

तिसरे काम दांड्यांचे. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड, दोन्ही नव्या केल्या. 32 मिलीमीटर व्यासाचा, 6 मिलीमीटर जाडीचा सीमलेस पाईप, पूर्ण सरळ. टर्नरकडून एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे पाडून घेतले, म्हणजे जॉइंट न सोडवता दांडी फिरवूनच लांबी कमी-जास्त करता येते. जॉइंटचे आटे व्यासाच्या निदान दीडपट तरी आत जातील अशी लांबी ठेवली. लांबी कमी पडली म्हणून जॉइंट बाहेर काढत राहायचे, ही सवय घातक आहे. निमुळती भोके योग्य उताराच्या रीमरने काढली. खिळ्याला निळा रंग लावून आत फिरवला, आणि रंग सगळीकडे सारखा उमटतो की नाही ते पाहिले. मग टॉर्क रेंचने नट, आणि प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन.

टाय रॉडबाबत एक जुनी युक्ती सांभाळावी लागते. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवे. हे 1817 साली म्युनिकच्या लँकेनस्परगर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने सोडवले. 1818 मध्ये त्याचे इंग्लंडमधले पेटंट रुडॉल्फ अकरमन यांनी घेतले, म्हणून आजही आपण अकरमनचेच नाव घेतो. टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल, तर चाकांचे हात किंचित आत वळलेले, मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे रोख धरलेले असतात. जागा मिळते म्हणून कोणी ती दांडी तशीच ॲक्सलच्या पुढे नेली, तर हिशोब उलटा होतो आणि वळणावर टायर घासत जातात. आम्ही ती मागेच ठेवली. शेवटी दोन्ही चाकांचे पुढचे अंतर मागच्यापेक्षा 2 मिलीमीटरने कमी ठेवले.

चौथे काम बॉक्सच्या बैठकीचे. बोल्टांभोवती चेसिसचा पत्रा दबला होता आणि एका भोकापासून केसासारखी चीर निघाली होती. तिच्या टोकाला भोक पाडून चीर थांबवली, वेल्ड केली, आतून-बाहेरून जाड पट्ट्या घातल्या, आणि बोल्ट आवळताना चेसिस चेपू नये म्हणून मध्ये नळ्या बसवल्या.

मग चाचणी. ही पायरी घाईत सगळ्यांत आधी गाळली जाते. एक चाक रॅम्पवर चढवून पाटा पूर्ण दाबला, दुसरे लोंबते ठेवले, आणि त्या अवस्थेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवले. मग बाजू बदलून पुन्हा. दांडी पाट्याला लागते का, डिफरन्शियलच्या गोळ्याला लागते का, ब्रेकचा होज ताणतो का, हे बोट घालून पाहिले. नकलवरचा स्टॉप बोल्ट असा लावला की बॉक्सचे आतले टोक गाठण्याआधी चाक थांबावे. शेवटी एका पोराला स्टिअरिंगवर बसवून, इंजिन बंद ठेवून, चाक थोडे डावी-उजवीकडे हलवायला लावले. भाचा खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवत गेला. प्ले डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतो.

एवढे झाल्यावर जीप पिकअपच्या मागे चढवून बागेत नेली. तिथे आधी पायी चालण्याच्या वेगाने, मग त्याच बांधाच्या वाटेवर. काकांनी स्वतः चालवली. खाली उतरल्यावर काही बोलले नाहीत, फक्त भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. ईदला मुले समुद्रावर गेली, ती शेजाऱ्यांच्या नोंदणी असलेल्या गाडीने. पंधरा दिवसांनी भाचा बागेत जाऊन सगळे नट पुन्हा तपासून आला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

काकांनी पूर्ण पैसे दिले, पण दोन हप्त्यांत. त्यांच्यामुळे दहा गाड्या आल्या असे काही झालेले नाही. दोन आल्या. त्यातली एक परत पाठवावी लागली, कारण त्या तरुणालाही पट्टीच वेल्ड करून हवी होती. गॅरेज अजून हप्त्यांवरच चालते आहे, आणि तो सकाळी आठला शटर उघडतो.

या कामानंतर त्याने एक पद्धत सुरू केली. अशा प्रत्येक कामाचे कोन, लांबी, चाकांचे अंतर, कुठला भाग कुठून आणला, हे तो कागदावर लिहितो. एक प्रत वहीत ठेवतो, दुसरी मालकाला देतो. गाडीच्या मालकांना माझे सांगणे आहे की असा कागद मागून घ्या. जो मिस्त्री तुम्हाला गाडीखाली बोलावून स्वतः दाखवतो, त्याचे दोन पैसे जास्त झाले तरी फार घासाघीस करू नका. आणि ज्या घरांत असा मुलगा आहे, त्या घरातल्या आई-वडिलांनी संध्याकाळी तो हात धुऊन जेवायला बसला की कधीतरी विचारावे, आज कोणते काम केलेस, आणि कोणते करायला नाही म्हणालास? तो सांगेल. सहसा त्याला हे कोणी विचारलेले नसते.